घरचा हात

७ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला थोरल्याने आशीर्वाद लिहायचे असतात. तुझ्या वाटणीचे मी पूर्वीच देऊन बसलो, आता शिल्लक नाहीत. तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

काल तुझ्या बायकोचा फोन आला होता. माझ्या मुलीच्या फोनवर, तू दुकानात असताना, दबक्या आवाजात. मी मुलीकडे राहायला आलो त्याला इतकी वर्षं झाली, या घरी तिचा हा पहिलाच फोन. मला वाटलं कोणीतरी गेलं. मी उठून उभा राहिलो. पण कोणी गेलं नव्हतं. तुझा हात हलायला लागला आहे, एवढंच होतं.

एवढंच म्हणतो, कारण माझा हलायला लागला तेव्हा तू याहून कमी शब्दांत आटपलं होतंस.

तिने काय विचारलं ते सांगतो. तिने सांगू नका म्हटलं होतं म्हणूनच सांगतो. ती म्हणाली, "भावोजी, तो घोट घेतल्यावर तुमचा हात थांबायचा ना? यांना द्यायचा झाला तर किती द्यायचा?"

मी फोन मुलीच्या हातात दिला आणि खिडकीत जाऊन उभा राहिलो. मुलीला वाटलं मला भरून आलं. मला हसू आवरत नव्हतं.

तुला आठवत नसेल, आठवण ही नेहमी ज्याला लागलं त्याच्याच बाजूला राहते. दोन खुर्च्यांचं आपलं दुकान. डावीकडची माझी, उजवीकडची तुझी, मध्ये बाबांनी लावलेला आरसा. माझ्या खुर्चीत शाळेचे मुख्याध्यापक बसले होते. बाबांनी शिकवल्याप्रमाणे मी करंगळी गालावर टेकवून वस्तरा चालवत होतो. करंगळी टेकलेली असली की हात हलत नाही, त्या एका करंगळीवर मी किती वर्षं काढली हे तुला माहीत नाही. पण कानामागे करंगळी टेकवायला जागा नसते. तिथे हात उचलावा लागतो. उचलला, आणि कानाच्या पाळीला लागलं. मुंगी चावली एवढं रक्त. तुरटी लावली असती तर ते स्वतःच विसरले असते. पण तू तुझं गिऱ्हाईक अर्ध्या फेसात सोडून आलास, नासलेलं दूध तपासावं तसं माझ्या तोंडाशी नाक आणून हुंगलंस, आणि भरल्या दुकानात माझ्या हातातला वस्तरा काढून घेतलास. "दादा पिऊन गळ्यावर वस्तरा धरतो," असं तू म्हणालास. मला नाही, बाकावर बसलेल्या लोकांना.

मी पिऊन हलत नव्हतो. हलत होतो म्हणून पीत होतो. हे दोन निराळे आहेत हे कळायला दहावी पास व्हावं लागत नाही, आणि तू तर झाला होतास. एका लग्नात कोणीतरी आग्रहाने पाजली आणि माझ्या हातातली खडखडणारी बशी गप्प झाली. मी बशीकडे बघतच राहिलो. त्या दिवसापासून सकाळी दुकान उघडण्याआधी एक घोट, औषधासारखा, तोंड वाकडं करून. मला त्याची चवसुद्धा आवडत नव्हती.

आणि बाबा तर थेंबाला शिवले नाहीत, तरी त्यांचा कप हलायचा, मानही हलायची. गिऱ्हाइकाने विचारावं, कल्ले बारीक करणार ना, आणि बाबांच्या मानेने नाही-नाही म्हणावं. किती जण चिडून उठले असतील. आई त्याला घरचा हात म्हणायची. तो तुला आला नाही म्हणून तू मिरवत होतास. आता आला. बस.

बायकोला सांग, बाटलीच्या झाकणाएवढा. पहिला वस्तरा उचलायच्या अर्धा तास आधी. आणि घेताना आरशात बघ.

मी इथे बरा आहे. माझी दाढी मी अजून स्वतःच करतो.

फोन करू नकोस. फोनवर माझा आवाज थरथरतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी रडतोय. तो आनंद तुला द्यायचा नाही.

दादा

२५ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. त्याला पत्र म्हणायचं तर. पोस्टकार्डाएवढ्या कागदाच्या एका कोपऱ्यात चार ओळी. आणि अक्षर केवढं. ओळीच्या सुरुवातीला मुंगी आणि शेवटाला तिची पिल्लं. मुलीचं भिंग घेऊन बसलो. शाळेत तुझं अक्षर बघायला मास्तर दुसऱ्या वर्गातली पोरं आणायचे, आणि माझं शिक्षण चौथीतच सुटलं म्हणून बाबा दोघांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून मला दाखवायचे. आता माझं अक्षर बघ. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून लिहितो, तरी एकेक अक्षर खुर्चीच्या मुठीएवढं. निदान वाचता येतं.

तर तू घोट घेतलास. मागच्या पडद्याआड, जिथे मी घ्यायचो तिथेच. आणि काही झालं नाही. हात होता तसाच, वर पोटात ढवळलं, आणि दुपारी बायको रडली. हे तू अशा सुरात लिहिलं आहेस जसं मी तुला विष पाजलं. विचारलं तुम्ही, सांगितलं मी. 

पण खरं सांगायचं तर हे वाचल्यापासून मला चैन नाही. तुझ्यासाठी नव्हे. का नाही थांबला? माझा थांबतो. दर वेळी थांबायचा. कमी घेतलास का? फार लवकर वस्तरा उचललास का? घरचा हात असेल तर घरच्या औषधाने थांबायला हवा. सकाळी उठून मी माझे दोन्ही हात समोर धरून बघतो, मग मांडीवर ठेवून बघतो. मुलगी म्हणते, बाबा, हा काय नवा व्यायाम. तिला काय सांगणार.

दुकान जूनअखेर बंद करणार असं लिहिलं आहेस. शेजारचा चष्मेवाला गाळा घेतो म्हणतोय, आरसा त्याला अख्खा काढून हवा आहे, आणि माझी खुर्ची तो भिंत फोडायच्या आधी बाहेर काढून ठेवणार. असं एका ओळीत, स्वल्पविराम देऊन. बाबांचं दुकान चष्मेवाल्याला. तो माणूस स्वतःचे केस दुसऱ्या गल्लीत कापून घ्यायचा, आपल्या समोरून मान वर करून जायचा. त्याला आरसा देणार.

कारण काय तर गिऱ्हाइकं येत नाहीत. का येतील? तू त्यांना स्वतःच शिकवलंस की हलणारा हात म्हणजे पिणारा माणूस. आता ते तुझ्याकडे बघून तेच म्हणत असतील. मी नाही म्हणत. मला गरज नाही.

इथे परवा एक प्रकार झाला. जावई शेजारी बसला होता, पांढरा शर्ट घालून, ऑफिसला निघताना. मी कप उचलला आणि चहा माझ्या दाढीतून ओघळून त्याच्या बाहीवर गेला. तो काही बोलला नाही. न बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. मुलीने त्याच दिवशी मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे नंबर लावला. मला जायचं नाही. ते सुया टोचतात आणि मेंदूचा फोटो काढतात, आणि फोटोत काहीतरी दिसतंच, न दिसलं तर त्यांचं कसं चालेल. 

पण जाईन. तिथे विचारून येतो की तुझा का थांबला नाही.

चष्मेवाल्याला अजून काही कबूल करू नकोस. हे मी थोरला म्हणून सांगत नाही, खुर्ची माझी आहे म्हणून सांगतो.

दादा

१४ मार्च

धाकट्या,

जाऊन आलो. सुया नाहीत, फोटो नाही. एक मुलगीवजा डॉक्टरीण होती, आपल्या खुर्चीत बसवली असती तर पाय जमिनीला टेकले नसते. मला वाटलं खरा डॉक्टर आत असेल. ही बाहेरची असेल. तीच होती.

आधी बाहेर बाकावर बसवलं. माझ्या शेजारी एक म्हातारा शिंपी होता. त्याचा हात मांडीवर पडल्या पडल्या हलत होता, अंगठा बोटावर असा फिरत होता जसा आपण गिऱ्हाइकाचा केस चिमटीत घेऊन जाड आहे की बारीक ते बघतो. मी मनात म्हटलं, हा माझ्याहून गेलेला. तेवढ्यात त्याने पिशवीतून चष्मा काढायला हात उचलला, आणि हात एकदम शांत. चष्मा डोळ्यावर लावला, एक दांडी कानात अडकवली, जराही हलला नाही. हात परत मांडीवर आला आणि पुन्हा सुरू. मी माझा हात मांडीवर ठेवला. शांत. उचलला, हलला. म्हणजे त्याचं आणि माझं बरोबर उलटं. मला ते इतकं चमत्कारिक वाटलं की मी तीनतीनदा करून बघितलं. शिंप्याला वाटलं मी त्याची नक्कल करतोय, तो तोंड फिरवून बसला.

आत बाईने काय काय करायला लावलं. हात पुढे पसरा. नाकाला बोट लावा, मग माझ्या बोटाला लावा. या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओता. अर्धं तिच्या टेबलावर गेलं, तिने पुसलं. कागदावर गोगलगाईसारखा गोल गोल वळसा काढा. माझा वळसा करवतीच्या पात्यासारखा आला. मग हात मांडीवर ठेवून उलटे आकडे म्हणायला लावले, मी मध्येच अडखळलो पण हात गप्प. मग बाहेरच्या लांब व्हरांड्यातून चालायला लावलं आणि मागून बघत राहिली. हनुवटी वर करा म्हणाली, दाढीमुळे मान हलते का ते दिसत नाही. वडिलांचं विचारलं. बाबांची नाही-नाही म्हणणारी मान सांगितली तर हसली, आणि लिहून घेतलं.

मग मी घोटाचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, मुलगी शेजारी होती. म्हटलं ओरडली तर ओरडू दे. ती ओरडली नाही. म्हणाली, या प्रकारच्या कंपात पुष्कळांना घोटाने तात्पुरता आराम पडतो, दुसऱ्या दिवशी मात्र हात जास्त हलतो, आणि मग घोट मोठा होत जातो. ते औषध नव्हे. पण दारूने तुम्हाला हे झालेलं नाही. हे घराण्यातून येतं.

मी तिला म्हटलं, हे जरा मोठ्याने म्हणा, जावई दाराशी उभा आहे.

तर आई बरोबर होती. घरचा हात. काम करतानाच हलतो, बसलं की गप्प बसतो. तिने नाडी बघितली, दम लागतो का विचारलं आणि एक गोळी दिली. हळूहळू वाढवायची. कपापुरता उपयोग होईल म्हणाली. मी विचारलं, वस्तऱ्यापुरता? ती म्हणाली, बाबा, वस्तरा विसरा.

तिला काय जातं.

मग तुझं काढलं. तिने हात वर केला, म्हणाली, मी न बघितलेल्या माणसाबद्दल बोलत नाही, त्यांना कोणाला तरी दाखवा. मी उठलोच नाही. माझी दाखवायची वेळ संपली होती, बाहेर माणसं खोळंबली होती, मी खुर्ची धरून बसलो. गिऱ्हाईक उठत नाही तेव्हा काय करावं हे आपल्याला ठाऊक आहे, तिला नव्हतं. शेवटी म्हणाली, बरं, त्यांना हे विचारा. तेच तुला विचारतो. दहावी पास आहेस, नीट उत्तर दे.

हात बसल्यावर हलतो की कामात? एकच की दोन्ही? कधीपासून? चालताना हात मागेपुढे होतात का? अक्षर लहान झालं आहे का? (हे तिने विचारलं तेव्हा मला तुझ्या चार ओळी आणि मुलीचं भिंग आठवलं.) चेहऱ्याला काय झालं आहे? वास येतो का? आणि कोणत्या कोणत्या गोळ्या घेतोस, एकूण एक, दुकानातून आपल्या मनाने आणलेल्यासुद्धा.

वासाचं उत्तर मला माहीत आहे. तुझ्या नाकाचा अनुभव मी घेतला आहे. तरी लिही.

दादा

२ एप्रिल

धाकट्या,

तुला लिहायला सवड नाही, म्हणून पुन्हा बायकोला फोनवर बसवलंस. तिने तरी सगळं सांगितलं. तू ऐकत नसशील तेव्हा ती बरी बोलते.

तर तुझा हात टीव्हीसमोर बसल्यावर मांडीवर हलतो. दोन्ही हलतात, उजवा जरा जास्त, सुरू होऊन वर्षही झालं नाही. अंगठा बोटावर फिरतो. आणि वस्तरा उचललास की थांबतो. हे तिला माहीत होतं. तिने घरात बसून पाहिलं होतं. आणि तू, रोज आरशासमोर उभा राहणारा माणूस, तुला हे दिसलं नाही. गिऱ्हाईक बाकावर वाट बघताना तुझा रिकामा हात बघतं आणि उठून जातं. गालावर वस्तरा असताना तो हात कसा आहे हे बघायला कोणी थांबतच नाही. तूही नाही.

चालताना तुझे हात बाजूला लटकलेले असतात आणि पावलं घासतात. चेहरा हलत नाही. ती म्हणाली, "हसतात असं सांगतात, पण दिसत नाही." लोकांना वाटतं तू रागावला आहेस. ते मला नवीन नाही, मी तुला लहानपणापासून रागावलेलाच पाहिला आहे.

तो शिंपी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, धाकट्या. मी त्याच्या आजाराचं नाव मुलीला फोनवर शोधून काढायला लावलं. कंपवात. तिने वाचून दाखवलं आणि मध्येच थांबली, पुढचं वाचेना. मी म्हटलं वाच, ती म्हणाली, बाबा, चहा करते.

मला वाटलं होतं माझंच तुला आलं. त्यात मला बरं वाटलं होतं, नाही कशाला म्हणू. दोघांचा एक हात, बाबांचा, आता तू समज कसं वाटतं ते. पण तू साधा आजारसुद्धा घरातला घेतला नाहीस. बाहेरून आणलास. तुझं पहिल्यापासून हेच आहे, घरचं तुला काही पटतच नाही, बाबांचा साबणाचा वाडगा बाजूला सारून तू फवाऱ्याची बाटली आणली होतीस.

मी डॉक्टरणीकडे पुन्हा गेलो. माझी तारीख नव्हती. दारातल्या माणसाने अडवलं, त्याला म्हटलं माझ्या भावाचा प्रश्न आहे, तो म्हणाला भावाला आणा. बाकावर बसून राहिलो. ती जेवायला निघाली तेव्हा जिन्यात गाठली. ऐकून घेतलं. मला म्हणाली, तुम्ही स्वतः निकाल देऊ नका. दोन्ही हातांना एकदमच, आणि वर्षाच्या आत एवढं सगळं, म्हणजे मला आधी त्यांच्या गोळ्या बघायच्या आहेत. वास येतो का हे विचारलंत?

विचारलं होतं. बायको म्हणाली, शेजारच्या गल्लीत कोणी अत्तर लावलं तरी तुला कळतं. बाई म्हणाली, कंपवातात पुष्कळांचा वास जातो, तेव्हा ही पक्की खूण नव्हे, पण वाईटही नाही. म्हणजे ज्या नाकाने भरल्या दुकानात माझी अब्रू काढली ते नाक शाबूत आहे, यावर मी आशा धरून बसायचं. माझ्या नशिबात काय काय लिहिलं आहे.

गोळ्यांचं विचारलं तर बायको म्हणाली रक्तदाबाची एक. आणखी? म्हणाली, नाही, ती चक्करेची काय ती गोळी थोडीच असते. आणि फोन ठेवला.

कसली चक्करेची? कधीपासून? या वेळी तू स्वतः लिही. कितीही बारीक लिही, भिंग आहे माझ्याकडे.

दादा

१९ एप्रिल

धाकट्या,

गाढव हा शब्द मी आजवर तुला चारचौघांत कधी म्हटला नाही. तू मला काय काय म्हणालास तरी नाही. आता लिहून देतो, गाढवा.

तुझं पत्र भिंगाखाली धरून दोनदा वाचलं. बोळातल्या औषधवाल्याकडून रोज एक गोळी. काही वर्षांपूर्वी एकदा दिवसभर उभं राहून चक्कर आली, डॉक्टरने थोडे दिवस घ्यायला लिहून दिली, चक्कर गेली, गोळी राहिली. का राहिली तेही तू लिहिलं आहेस, आणि ती ओळ तुझ्या बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठी आहे, ती मला भिंग न लावता दिसली. चक्कर येत असताना कोणाच्या गळ्यावर वस्तरा धरला तर लोक म्हणतील याचाही दादासारखाच. म्हणून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी, पडद्याआड, पाण्याबरोबर.

मी घोट घ्यायचो आणि तू गोळी. त्याच पडद्याआड, त्याच कोपऱ्यात. माझ्या घोटाने हात थांबायचा आणि सगळे म्हणाले घोटानेच हलतो. तुझी गोळी सभ्य, तिला वास नाही, तिच्यावर कोणाचा संशय गेला नाही. आणि कदाचित तीच तुझा हात हलवते आहे. औषधवाल्यालाही विचारावंसं वाटलं नाही की हा माणूस इतकी वर्षं कसली चक्कर थांबवतोय. तो कशाला विचारेल. गिऱ्हाईक न बोलावता परत येतं, आपण तरी त्याला कधी विचारलं आहे.

डॉक्टरीणबाईला गोळीचं नाव सांगितलं. तिने मान हलवली. चक्करेच्या, ओकारीच्या, काही झोपेच्या नि मनाच्या गोळ्यांनी म्हातारपणी असं होतं म्हणाली. हात, चाल, चेहरा, अक्षर, सगळं त्या शिंप्यासारखं दिसतं आणि असतं दुसरंच. पण तिने दोन गोष्टी बजावून सांगितल्या, त्या जशाच्या तशा लिहितो. एक, आपल्या मनाने काही बंद करायचं नाही, रक्तदाबाची तर मुळीच नाही. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून तुमच्याकडच्या मोठ्या दवाखान्यात मज्जातंतूवाल्याकडे जायचं आणि पिशवी टेबलावर ओतायची. दुसरी गोष्ट, गोळी सोडल्यावरही लगेच काही होत नाही, आठवडे जातात, महिने जातात. काहींचं पूर्ण जातं. काहींचं थोडं राहतं, कारण खालून खरा आजार येतच असतो आणि गोळीने तो लवकर उघडा पडलेला असतो. तुमच्या भावाचं कुठलं हे आज कोणी सांगू शकत नाही.

मी तिला म्हटलं, मग तुम्ही शिकलात कशाला. ती म्हणाली, थांबायला.

तर जा. बायकोला घेऊन जा, नाहीतर तू अर्धं सांगशील. व्हरांड्यात चालायला लावतील तेव्हा ऐटीत चालू नकोस, जसा चालतोस तसा चाल. 

आणि चष्मेवाल्याला सांग, आरसा भिंतीतून निघत नाही. बाबांनी तो कसा बसवला ते मी पाहिलं आहे, खरंच निघत नाही.

दादा

१२ जून

धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. भिंग लागलं, पण शेवटच्या ओळीला पहिल्यापेक्षा कमी. मुलीला दाखवलं, ती म्हणाली बाबा, तुम्हाला वाटतंय. जावयाने न विचारता पट्टी आणून दोन्ही ओळी मोजल्या आणि म्हणाला, फरक आहे. त्या माणसाबद्दलचं माझं मत थोडं बदलावं लागणार असं दिसतं. घाई करणार नाही.

गोळी बंद झाली, चक्कर परत आली नाही, मान फिरवायचे व्यायाम दिले आहेत. हात मांडीवर अजून हलतो, पण कमी. चाल बरी आहे. बायको म्हणते परवा तू हसलास तेव्हा दिसलं. कशावर हसलास ते तिने सांगितलं नाही, माझ्यावरच असणार. आणि तुमच्याकडचा डॉक्टरही तेच म्हणतो, काही महिने बघू, तोवर नक्की काही नाही. सगळे एकाच शाळेत शिकलेले दिसतात.

पण तू पुढे लिहिलं आहेस की दुकानाचं दार गेले कित्येक दिवस उघडलंच नाही. हात बरा झाला तरी आता खुर्चीत कोण बसणार. लोकांच्या मनात बसायचं ते बसलं. महिनाअखेर चष्मेवाल्याला किल्ली देऊन टाकतो.

हे वाचून मला जो राग आला तो पत्रात मावणार नाही, म्हणून मी तो घेऊन तिकडे येतो आहे. पुढच्या शनिवारी सकाळच्या बसने. मुलगी सोबत येते म्हणत होती, नको म्हटलं. जावयाने तिकीट काढलं आहे, खिडकीजवळचं.

एक सांगून टाकतो, म्हणजे दारात बघून बायको घाबरणार नाही. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की दाढी मी स्वतःच करतो. ते खोटं आहे. इथे आल्यापासून मी दाढी केलेली नाही. स्वतःची जमत नाही, करंगळी टेकवली तरी गळ्यापाशी हात सुटतो. कोपऱ्यावर दोन दुकानं आहेत, चकचकीत, थंड हवा सोडतात, आणि वस्तरा धरतात जसं लाटणं धरावं. त्यांच्या हातात मी गळा देणार नाही. मुलीला सांगितलं, मला दाढी शोभते. ती पोटापर्यंत आली आहे. आधी कात्रीने उतरवावी लागेल, त्याला वेळ लागेल, तेव्हा त्या दिवशी दुसरं कोणतं काम ठेवू नकोस. तुझ्याकडे असणारही नाही.

दार सताड उघडं ठेव. पडदा काढून टाक, मागचा. बाक पुसून घे आणि बाहेर तोंड करून नको, आत तोंड करून ठेव, म्हणजे बसणाऱ्याला खुर्ची दिसेल. मुख्याध्यापक हयात असतील तर त्यांना निरोप दे, म्हणावं थोरला आला आहे, बघायला या. चष्मेवाल्यालाही बोलाव. त्याने आपल्या चांगल्यातल्या चष्म्यातून बघावं.

मी डावीकडच्या खुर्चीत बसेन. ती बाहेर काढली असेल तर परत आत घे. तू हात तसाच हलू देत उभा राहा, लोकांना बघू दे, लपवू नकोस. मग वस्तरा उचल. डॉक्टरीण म्हणते उचलल्यावर थांबेल. तिने तुला पाहिलेलं नाही, मीही नाही. मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे, त्याच्यासाठी आरसा आहेच.

मान मात्र माझी हलते, बाबांची हलायची तशी. तू डाव्या हाताने डोकं घट्ट धर. लहानपणी धरायचास तसं नको, नीट धर. करंगळी गालावर टेकव, आणि कानामागे गेलास की श्वास रोखून धर, तिथे टेकवायला काही नसतं. तुझा हात हलला तर हलू दे. मी उठणार नाही.

माझ्या हातातून काढून घेतला होतास तोच वस्तरा घे. तू तो टाकला नसशील, तुझ्याच्याने काही टाकवत नाही, गोळीसुद्धा टाकवली नाही. गंज असेल तर आधी काढ. आणि पट्ट्यावर चांगला घास, तू नेहमी घाई करतोस.

दादा